एक्केचाळीस नंबरची पेटी

२० जानेवारी. पहाटे ५.१०
आजपासून कादंबरी. रोज हजार शब्द. विशेषणं नाहीत. चहा दोनदाच. मोबाइल दुसऱ्या खोलीत.
काल मुंबईच्या प्रकाशनातून राजचा फोन होता. संपादक आहे, वय सव्वीस. म्हणाला, सर, तुमची आधीची कादंबरी वाचली, छान आहे, पण तिच्यात काही होत नाही. मी म्हणालो, तेच तर आहे. तो म्हणाला, हो सर, पण आता डार्क थ्रिलर द्या. बायका, वर्कप्लेस, प्रेशर, एक खून. सध्या हेच खपतंय.
विचार करून सांगतो म्हणालो. विचाराची गरज नव्हती. मटेरिअल घरातच आहे. अंजली दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये फ्लोअर सुपरवायझर आहे. हाताखाली साठ बायका. थंड हॉल, कात्र्या, माइक, संध्याकाळी सुटणारा कंटेनर. खून तेवढा माझा.
स्त्रीचं मन मला कळतं. ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं हाच घटक शिकवतो आहे.
५.४० झाले. अंजलीचा डबा, तिची बादली, नळ. अशा आवाजात पहिलं वाक्य येत नाही. उद्यापासून.

२१ जानेवारी
उठलो ७.३०. अंजली सातच्या बसने गेलेली. ओट्यावर चहा झाकून ठेवला होता. गार.
शब्द: ०. पण नाव सुचलं. 'शून्य अंश'. राजला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

२४ जानेवारी
जेवताना अंजलीची मुलाखत घेतली.
पद्धत अशी. प्रत्येक बाईला एक नंबर. सकाळी तिला तिच्या नंबराच्या स्टिकरची पट्टी मिळते. पेटी भरली की वर आपला स्टिकर लावायचा. आत सडका मणी निघाला, घड दाबलेला निघाला, मग तो इथे तपासणीत निघो की तीन आठवड्यांनी रॉटरडॅमच्या बंदरात, स्टिकरवरून बाई सापडते. नंबर माइकवर पुकारतात. आठवड्यात तीनदा पुकारला की बाई घरी.
मला हे फार आवडलं. विचारलं, नंबर पुकारला की बाई काय करते. अंजली म्हणाली, काय करणार, मान खाली घालते आणि कात्री चालू ठेवते. विचारलं, कधी कुणी कुणावर कात्री उगारली आहे का. ती म्हणाली, भात घेताय का अजून, नाहीतर पातेलं रिकामं करते.
सहकार्य कमी. पुढच्या वेळी प्रश्न लिहून बसणार.

२ फेब्रुवारी
शब्द: ३४०. त्यातले २०० खोडले. उरलेले चांगले आहेत.
नायिका ठरली. रिया. सुपरवायझर. बाहेरून थंड, आतून उद्ध्वस्त. उद्ध्वस्त कशाने, ते ठरायचं आहे.
अंजली हल्ली बोलत नाही. मागच्या मार्चमध्ये आमचं पाचव्या महिन्यात गेलं. लग्नानंतर बारा वर्षांनी राहिलं होतं. ती कामावर होती. मी इगतपुरीला लेखन शिबिरात. फोन गेटवर जमा करायचे, असा शिबिराचा नियम होता. नियम मी केला नव्हता.
त्यावर आम्ही बोललेलो नाही. मी योग्य वेळेची वाट पाहतो आहे. अशा गोष्टी मुरू द्याव्या लागतात.
आज बस यायच्या आधी चप्पल घालताना ती म्हणाली, हंगाम संपला की एकदा बसून बोलू या. तुम्ही आणि मी. नाही बोललो तर मला या घरात राहणं जमायचं नाही.
हंगामाचा थकवा. दर वर्षी असतो.

९ फेब्रुवारी
आज अंजली आपणहून बोलली. फार दिवसांनी. मी वही हातात घेतली नाही. ऐकण्याची माझी पद्धत तशी आहे, सगळं डोक्यात राहतं.
तिच्या टेबलावर सुमनबाई म्हणून एक आहे. हरसूलकडची. थंडीने तिची बोटं बधिर झालीत. घड दाबला जातो, तिला कळत नाही. पेट्या खराब निघतात. नियमाने ती दोन आठवड्यांपूर्वीच घरी गेली असती. गेली नाही, कारण तिच्या पेट्यांवर अंजली स्वतःचा नंबर लावते आहे. एक्केचाळीस. अंजली पॅकर होती तेव्हाचा. कंटेनर अडला की सुपरवायझरही टेबलावर बसते, म्हणून तो नंबर अजून चालू आहे, आणि तीनदाचा नियम सुपरवायझरला नाही. माइकवर एक्केचाळीस पुकारला की साठ बायकांसमोर अंजली हात वर करते. म्हणते, माझी पेटी. मॅनेजर किशोरसर हसतात. म्हणतात, मॅडम, तुमचं वय झालं.
मी विचारलं, साठ बायका आहेत, सुमनबाईच का. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्हाला खरंच ठाऊक नाही? मी म्हणालो, सांग.
तेवढ्यात राजचा फोन आला. दुसऱ्या प्रकरणात तरी काहीतरी व्हायला हवं, असं त्याचं म्हणणं. चाळीस मिनिटं बोललो. ठेवला तेव्हा अंजलीची भांडी घासून झाली होती.
हे कुणाला सांगू नका, असं म्हणाली होती. मी कुणाला सांगणार? मी माणसांत मिसळतच नाही.

१६ फेब्रुवारी
सुमनबाई घरी आल्या. पन्नाशीच्या. हंगामापुरत्या पॅकहाउसजवळ खोली करून राहतात. नागलीचे पापड घेऊन आल्या होत्या. अंजली त्यांना आत नेत होती. मी म्हटलं, पाच मिनिटं मला द्या.
विचारलं, तिथे बायकाबायकांत वैर आहे का. म्हणाल्या, हाय की. बाथरूमला जायची पाळी लावावी लागती, तिथं लय भांडणं. विचारलं, त्याहून खोल काही? म्हणाल्या, खोल म्हंजी? बाथरूम वरच हाय. विचारलं, तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाल्या, ह्यांची. सकाळी कात्री धरली का दुपारी कळत नाय, बोट मण्याला लागलं का नाय लागलं. नातीच्या केसातून हात फिरवते तर तिचं केस हाय का गोणपाट, समजत नाय.
लिहून घेतलं. चांगलं आहे, पण डार्क नाही.
मग त्या म्हणाल्या, सायेब, त्या दिवशी ताई तुमचा फोन लावून लावून. एवढ्यात अंजली आतून म्हणाली, सुमनबाई, चहा गार होतोय.
मुलाखत तिथेच राहिली. मीही पुढे विचारलं नाही. खाजगी गोष्टींत शिरत नाही मी.
पापड उत्तम.

२५ फेब्रुवारी
एका बैठकीत २१०० शब्द. तिसरं प्रकरण. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.
रिया एका दुबळ्या बाईच्या पेट्यांवर स्वतःचा नंबर लावते. दयेने नाही. दया थ्रिलरमध्ये चालत नाही. तिला मुठीत ठेवण्यासाठी. आणि शेवटी तिला पेट्यांबरोबर शीतगृहात कोंडते.
अंजलीचं जसंच्या तसं घेतलं नाही. ही काळजी मी नेहमी घेतो. सुमनबाईचं नाव यमुनाबाई केलं. हरसूलचं पेठ केलं. दिंडोरीचं नावच काढलं. नंबर मात्र एक्केचाळीस ठेवला. बेचाळीस करून पाहिला. वाक्य पडतं.

१ मार्च
एका दैनिकाच्या रविवार पुरवणीचं काम आयशा पाहते. माझी जुनी विद्यार्थिनी. तिला तिसरं प्रकरण पाठवलं होतं. छापते म्हणाली. मग विचारलं, सर, मॅडमनी वाचलंय ना हे? मी म्हणालो, लेखकाने पहिला वाचक घराबाहेरचा निवडावा. ती म्हणाली, ठीक आहे सर, फोटो पाठवा. दाढी केलेला असेल तर बरं.
अंजलीला सरप्राइज द्यायचं ठरवलं आहे. तिच्या जगाला मराठीत पहिल्यांदा जागा मिळते आहे.

१७ मार्च
अंजलीने आज रजा घेतली. भर हंगामात. सकाळी पांढरी साडी नेसली. म्हणाली, लेणीवर येता का. बुद्धमूर्तीपाशी थोडा वेळ बसू, मग तुम्ही म्हणाल तेव्हा परत येऊ.
त्रिरश्मी लेणी आमच्या इंदिरानगरातून वीस मिनिटांवर. कधीही जाता येतं. म्हणालो, पुरवणीतून प्रूफ आलं आहे, आजच द्यायचं आहे. कसलं प्रूफ, ते तिने विचारलं नाही. दारात थोडी थांबली. मी मान वर केली तेव्हा नव्हती.
दुपारी परत आली. डोळे लाल. चढण आणि ऊन. टोपी घालत जा, असं सांगितलं.
प्रूफात तीन चुका सापडल्या. नजर अजून चांगली आहे.

२३ मार्च
आलं. पाऊण पान. नाव ठळक: बुद्धभूषण पगारे. फोटोत थकलेला दिसतो, पण लेखक वाटतो.
दोन फोन आले. एक चुकून.
अंजली कामावर. कंटेनर आहे म्हणून रविवारीही गेली. पुरवणी उशीखाली ठेवली आहे, तिचं डोकं टेकेल तिथे. संध्याकाळी आली आणि न जेवता सोफ्यावरच झोपली. उठवलं नाही. सकाळी पाहीलच.

२४ मार्च. दुपारी १२
अंजली अकरालाच परत आली. रिक्षाने.
तिने सांगितलं ते असं. पॅकहाउसच्या ऑफिसात पिंकी म्हणून मुलगी आहे. तिने माझं पान सगळ्या स्टाफच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, अंजलीमॅडमचे मिस्टर, वाचा, एकदम आपल्यासारखं. किशोरसरांनी वाचलं. अंजलीला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मॅडम, तुमच्या मिस्टरांनी झकास लिहिलंय. मला तर पॅकहाउस डोळ्यांसमोर उभं राहिलं. मग कॉम्प्युटरवर एक्केचाळीसच्या सगळ्या पेट्या काढायला लावल्या. पेट्या त्रेसष्ट. त्यातल्या अंजली टेबलावर बसलेली होती त्या वेळच्या अकरा.
सुमनबाईंना गेटबाहेर नेऊन उभं केलं. त्या म्हणत होत्या, ताईनं काय नाय केलं, मीच चिकटवलं. अंजलीला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. पुढच्या हंगामाचंही बघू नका. बाकीच्या पॅकहाउसांना आम्ही कळवू.
मी म्हणालो, ही तर ललित कृती आहे, तिच्यावरून कुणाला काढता येत नाही. म्हणालो, मी पत्र लिहितो. म्हणालो, शिवाय एका अर्थाने लेखनात ताकद आहे असंच यातून दिसतं.
अंजलीने एकच विचारलं. बेचाळीस का नाही लिहिलंत?
मी समजावलं. एक्केचाळीस या शब्दात मध्ये एक आघात आहे. तिथे श्वास थांबतो. बेचाळीस म्हटलं की वाक्य घसरत जातं आणि परिच्छेद कोसळतो. वाचूनही दाखवलं, दोन्ही प्रकारे. ती खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. माझ्या लेखनाविषयी इतका वेळ तिने कधीच ऐकलं नव्हतं.

२६ मार्च
अंजली लासलगावला गेली. विमलाबाईंकडे, तिच्या मोठ्या बहिणीकडे. एक बॅग, आणि कपाटातली दवाखान्याची फाइल. फाइल कशाला, ते कळलं नाही.
दारात उभी राहून बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, तुम्ही विचारलं होतंत ना, सुमनबाईच का. आता फोन वाजत नाहीये, तर ऐका. त्या दिवशी हॉलमध्ये माझे पाय भिजले. मला वाटलं, क्रेटमधलं पाणी असेल. सुमनबाईंनी मला उचलून टेम्पोत घातलं. पूर्ण रस्ता डोकं मांडीवर घेऊन बसल्या. दवाखान्यात विचारलं, सोबत कोण, तर म्हणाल्या, बहीण. कागदावर अंगठा त्यांचा आहे. नर्सने कापडात गुंडाळून आणलं तेव्हा मला बघवेना. त्यांनी हातात घेतलं. मुलगी आहे, म्हणाल्या. नाक तुमच्यासारखं हाय, ताई. तेवढंच मला माहीत आहे तिच्याबद्दल.
मग म्हणाली, फ्रिजमध्ये दोन दिवसांचं आहे.
हे तिने आधी सांगायला हवं होतं. संवाद दोन्ही बाजूंनी लागतो.
मुलगी होती, हे मला माहीत नव्हतं.
शब्द: ०.

३० मार्च
ठरवलं. हरसूलला जाऊन सुमनबाईंना भेटणार. माफी मागणार. समोरासमोर, साध्या शब्दांत.
काय बोलायचं याचा मसुदा केला. पहिला लांब झाला. दुसऱ्यात माझ्याविषयी जास्त आलं. तिसरा चांगला. चौथा करायला नको होता.
बसचं टाइमटेबल पाहिलं. सकाळची गाडी ६.१५. गजर लावला.

३१ मार्च
गजर ऐकू आला नाही. दुपारच्या गाडीने गेलो तर तिथे पोहोचायला उशीर होईल, आणि पाड्याचं नाव मला माहीत नाही. अंजलीला ठाऊक असणार. अंजलीला विचारायचं तर आधी तिच्याशी बोलायला हवं.
तिसरा मसुदा जपून ठेवला.

३ एप्रिल
राजचा फोन. म्हणाला, सर, पुरवणीतलं वाचलं, भाषा एक नंबर. पण रिया पटत नाही. एवढी दुष्ट बाई कुठे असते का? काहीतरी चांगलं असेल ना तिच्यात. मी म्हणालो, असतं. तो म्हणाला, मग ते घ्या ना सर. आणि आता जरा फील-गुड बघा, डार्क पडलंय मार्केटमध्ये.
विचार करून सांगतो म्हणालो.
गॅस संपला. नंबर कुठे लावतात, ते अंजलीला माहीत.

६ एप्रिल. संध्याकाळ
लासलगावला जाऊन आलो. तिला घेऊनच येणार होतो. निघताना घर झाडलं, दूध जास्त घेतलं, तिच्या खोलीची खिडकी उघडी ठेवली.
बाजार समितीच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. बसमधून उतरून चालत गेलो. विमलाबाई दारातच भेटल्या. म्हणाल्या, या, लेखक. पाणी घ्या. फक्त आमच्या घरातलं काही लिहू नका, आम्हाला अजून इथं राहायचंय. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
अंजली ओसरीवर बसली होती. बारीक झाली आहे. मी सगळं बोललो. चुकलो म्हणालो. दोनदा म्हणालो. कादंबरी बंद केली, असंही सांगितलं. पॅकहाउसला पत्र लिहिलं आहे म्हणालो. लिहायचं आहे अजून, पण मजकूर तयार आहे. म्हणालो, हंगाम संपला की बोलायचं ठरलं होतं, आता बोलू, घरी चल.
ती म्हणाली, एक विचारते. तो दिवस कोणता होता, सांगा.
मी म्हणालो, मार्च.
ती म्हणाली, मार्चला एकतीस दिवस असतात.
मी आठवू लागलो. बाहेर एक ट्रॅक्टर मागे घेत होते, कुणीतरी येऊ दे, येऊ दे म्हणून ओरडत होतं. त्यात काही सुचेना. विमलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनाही तारीख माहीत असावी. त्यांच्या तोंडावरून तसं वाटलं.
अंजली म्हणाली, घाई नाही. आठवला की कळवा. तुम्हाला तो एक दिवस आठवला तर मी येईन. बोलू. नाही आठवला तर कशावर बोलायचं आपण?
म्हणजे आशा आहे. अट सोपी आहे.

६ एप्रिल. ८.३०
मागच्या वर्षीची रोजनिशी काढली. मी रोज लिहितो. ही शिस्त अशा वेळी उपयोगी पडते.
दवाखान्याची फाइल ती घेऊन गेली आहे, तिचा उपयोग नाही. पण शिबिर १५ ते १९ मार्च होतं. म्हणजे पाचच दिवस.
१५ ला फोन जमा केला, डोंगर समोर आहे, असं लिहिलं आहे. १६ ला ७०० शब्द. १९ ला लिहिलं आहे: फोन परत मिळाला. अंजलीचे बावीस मिस्ड कॉल. लागलीच निघालो. घरी ती झोपलेली. उठवलं नाही.
आणि १८ ला हे: दुपारपासून अस्वस्थ. कारण कळत नाही. जेवण गेलं नाही.
वाचून अंगावर काटा आला. मला कळलं होतं. फोन नसताना, इतक्या मैलांवर, कळलं होतं. त्याच पानावर आदल्या रात्रीच्या भज्यांचाही उल्लेख आहे, पण ते कारण असू शकत नाही. इतकी अस्वस्थता भज्यांनी येत नाही.
अठरा. नक्की. तिला हे सांगितलं की तिलाही बरं वाटेल. मी तिथे नव्हतो, पण अगदीच नव्हतो असं नाही.
सकाळी कळवतो. शांत झोप लागेल आज.

७ एप्रिल. सकाळी ७.०५
अंजलीला मेसेज केला. अठरा मार्च. बाकी काही लिहिलं नाही, विशेषण नाही, काही नाही.
मिनिटभरात उत्तर आलं.
सतरा.
एवढंच. थोडा वेळ थांबलो. आणखी काही आलं नाही.
सतराचं पान काल घाईत उलटलं गेलं होतं. आता काढलं. उतरवून ठेवतो.
'१७ मार्च. चौदाशे शब्द. शिबिरातला सगळ्यात चांगला दिवस. फोन नाही, घर नाही, दिवसभर कुणाची हाक नाही. असे दिवस आणखी मिळाले पाहिजेत.'